बेडकीच्या तोंडावरची नंबर प्लेट

बेबीआत्यांचा अडकित्ता पितळी मुठीचा आहे. तो त्यांच्या कमरेच्या चंचीत असतो.

भंतेजी दुपारी बारानंतर जेवत नाहीत.

उलथणं, झारा, पळी, चिमटा. चौघंही एकाच वाकड्या लोखंडी पट्टीला लटकलेली. पट्टी स्वयंपाकघराच्या दारालगत, बरोबर माझ्या कपाळाच्या उंचीवर.

सायकलची जुनी ट्यूब, दीड हात.

राजूर घाटात सकाळी साडेदहाला सावली फक्त ट्रकखाली असते.

मी शाळेत कार्यानुभव शिकवतो.

एवढं सामान जवळ ठेवा. पुढं लागेल. मी ठेवलं नव्हतं, म्हणून तर सांगायची वेळ आली!

तर, गाडीला एकही भोक न पाडता पुढची नंबर प्लेट बसवायला किती वेळ लागतो?

"अर्धा तास!" मी म्हणालो.

हे मी मलकापूरला, सासऱ्यांच्या अंगणात, बुधवारी सकाळी म्हणालो. हातात चहा होता. चहा हातात असला की माणूस काहीही बोलतो! रविवारी माझ्या धाकट्या मेहुणीचं, धम्मशीलाचं, बुलढाण्याला लग्न होतं. आणि सासरे, किसनराव, जे रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि ज्यांच्यावर उभ्या आयुष्यात नट सैल राहिला म्हणून कुणाची माफी मागायची वेळ आली नाही, ते अंगणात गाडीसमोर बसले होते. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बसावं तसे.

गाडी म्हणजे बेडकी.

लाल, विलायती, दोन सीटची, डोक्यावर छप्पर नसलेली, वयानं माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. जुन्या काळची शर्यतीची गाडी म्हणतात तसली. दोन दिवे नाकावर वर आलेले, गोल, टपोरे. खाली हसरं तोंड, जाळीचं. सगळं मलकापूर तिला बेडकी म्हणतं. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये ती सुट्या भागांच्या रूपात पडली होती. किसनरावांनी ती पोत्यांत भरून घरी आणली आणि अकरा वर्षं जोडत बसले. तिचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नाही. दिवे, नाक, दोन्ही गाल, सगळं मिळून एकच तुकडा! पुढून धरून वर उचललं की बेडकीनं आ वासल्यासारखं अख्खं तोंड उघडतं आणि आत इंजिन दिसतं.

ही शेवटची गोष्ट अधोरेखित करा. मी केली नव्हती.

आणि तोंडाच्या बरोबर वर, नाकावर, पिवळ्या रंगात, पेंटरच्या हातची वळणदार अक्षरं: महामाया.

महामाया म्हणजे माझ्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी गेल्या. आमच्याकडं ट्रॅक्टरपासून टेम्पोपर्यंत सगळ्यांच्या कपाळावर कुणाचं ना कुणाचं नाव असतं, लेकीचं, आईचं. किसनरावांनी बायकोचं लिहिलं, तेही त्या जिवंत असताना, भर वस्तीत. त्यावरून सासूबाई आठ दिवस बोलल्या नव्हत्या आणि नंतर रोज संध्याकाळी पदरानं ती अक्षरं पुसायच्या.

धम्मशीला याच गाडीतून लग्नाला जाणार, हे घरात ठरलेलं होतं. आई नाही तर नाही, आईचं नाव तरी मांडवापर्यंत येईल.

अडचण एकच. नवरदेव!

नवरदेव धम्मरत्न बुलढाण्याला आरटीओत नोकरीला. साखरपुड्याच्या दिवशी तो हसत हसत म्हणाला होता, "बाबा, पुढं हाय सिक्युरिटी प्लेट नसली तर लग्नाच्या दिवशी मलेच तुमाले दंड मारा लागन हं!" सगळे हसले. किसनराव हसले नाहीत. साखर त्यांच्या तोंडात तशीच राहिली. मागची प्लेट दुसऱ्याच दिवशी बसली. पुढची मात्र बसेना, कारण बेडकीला पुढं बंपर नाही. नाक आहे आणि तोंड आहे. नाकावर सासूबाई आणि तोंडात जाळी.

"मामा, माह्याकडं सोपवा," मी म्हणालो. "अर्धा तास!"

किसनरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जवाईबापू, तुमी कागदाचे कंदील बनवता."

"कंदिलाले जास्त डोकं लागते, मामा."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण या माणसानं मला त्या गाडीला फडकंसुद्धा मारू दिलं नव्हतं. मी हात पुढं केला की म्हणायचे, "राहू द्या, पाव्हने." नऊ वर्षं! पाहुणा! तिच्यावर बसलेल्या चिमणीला माझ्यापेक्षा जास्त हक्क होता.

"दोन अटी," ते म्हणाले. "एक, भोक पडलं नाई पायजे. दोन, तिच्या नावावर काईच आलं नाई पायजे. अन् तीन..."

ते थांबले. आभाळाकडं पाहिलं.

"तीन नाई. दोनच."

तिसरी अट त्यांना सुचली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती!

मी विजयी मुद्रेनं पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरलो. टण्ण! कपाळावर पट्टी. झारा पायावर पडला.

"वाकून जा, वाकून जा म्हनून नऊ वर्सं सांगून राह्यले," माझी बायको संघमित्रा भाकरीवरून नजर न उचलता म्हणाली. "अन् म्हने गाडीची पट्टी बसवतो!"

बुधवार, चिकटपट्टी. दोन्ही बाजूंनी चिकटणारी, मोटारीच्या दुकानातली, भिंतीवर आरसा पेलणारी. लग्नपत्रिकेच्या खोक्याचा पुठ्ठा प्लेटच्या मापानं कापून मी जाळीखाली लावून पाहिला. मलकापूरचा मे महिना! दुपारी तीनपर्यंत पुठ्ठा लोण्यावरून घसरावा तसा घसरून अंगणात आला आणि शेळीनं खाल्ला.

गुरुवार, प्लेट बसवायचं केंद्र. तिथला फिटर ड्रिल मशीन घेऊनच पुढं आला.

"दोन भोकं, काका. दोन मिनटाचं काम."

किसनराव ड्रिल आणि गाडीच्या मध्ये उभे राहिले. "तुह्या कानाले पाडू काय बे दोन?"

फिटर दोन पावलं मागं सरला. "मंग तुमी पट्टी बनवून आना. तिच्यावर लॉक मारून देतो. पन आयका, हे लॉक एकदा बसलं का निंगत नाई. खोलाची सोय नाई त्याले. सरकारी हाये!"

"निंगाले कायले पायजे?" मी म्हणालो. ऐटीत!

शुक्रवार. मी गाडीखाली आडवा झालो. तोंडाच्या खाली, सांगाड्याच्या आडव्या पट्ट्यात दोन रिकामी भोकं होती. आटे पाडलेली, नीट.

"मामा, हे भोकं कायचे?"

"पयल्यापासून हायेत. काऊन हायेत ते बनवनाऱ्याले विचारा. तो विलायतेत मेला असन."

माझ्या डोक्यात दिवा लागला. या दोन भोकांतून एक पट्टी निघाली, खालून वळसा घेऊन पुढं आली, की झालं! ना भोक, ना नाव झाकणं. हायवेवर कचरूचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याला कागदावर वळण काढून दिलं. कचरूनं तीन पट्ट्या वाकवल्या. पहिली मोडली. दुसरी पिळली. तिसरी बेडकीला टेकली तेव्हा बेडकीनं तंबाखूची गोळी धरल्यासारखा खालचा ओठ पुढं काढला.

"असं वळन आता कोनी देत नाई, मास्तर," कचरू घाम पुसत म्हणाला. "हे कारखान्यातलं काम हाये. भंगारात सापडलं तं सापडलं."

मी सगळं भंगार पालथं घातलं. रेल्वे फाटकाजवळचं, बाजारातलं, एका सरकीच्या गोदामामागचं. कूलरचे पाय, पलंगाचे कोन, दळणाच्या चक्कीचा हात. ते वळण कुठंच नाही! संध्याकाळी तहानेनं कासावीस होत घरी आलो, पाणी प्यायला धावलो, आणि...

टण्ण!

दुसरं टेंगूळ. संघमित्रानं नुसतं उलथणं उचलून पुन्हा पट्टीला अडकवलं.

शनिवारी सकाळी मला ते सुचलं. जे सुचलं त्याचा मला अजून अभिमान वाटतो आणि हे वाक्य मी घरात कुणासमोर बोलत नाही.

वरून एक आकडा: बेडकीच्या वरच्या ओठाला, म्हणजे बॉनेटच्या कडेला, आतून अडकवायचा. खालून एक आकडा: सांगाड्याच्या आडव्या पट्ट्याला. दोन्ही आकडे पुढच्या बाजूनं दोन बोल्टांनी करकचून जवळ ओढायचे. आकड्यांखाली सायकलची ट्यूब, म्हणजे रंगाला ओरखडा नाही. आणि बोल्टांच्या अंगावर, पुढून, प्लेट. भोक नाही! नाव झाकलं नाही! प्लेट येते कुठं? तोंडावर. तोंडावर तसंही काय काम असतं?

कचरूनं वेल्डिंग करून दिलं. मग जरा मागं सरून पाहिलं आणि डोकं खाजवलं. "मास्तर, तोंड झाकलं न हो तिचं. हवा कुठून जाईन?"

"उलट शोभते!"

"तुमी मास्तर हा, तुमाले मालूम."

फिटरनं लॉक मारले. कट्. कट्. दोन टिकल्या, प्लेटच्या दोन कोपऱ्यांत.

किसनराव पुढं आले. प्लेट दोन्ही हातांनी धरून हलवली. हलली नाही. आणखी जोरात हलवली. बेडकी हलली, प्लेट नाही! त्यांनी वाकून खाली पाहिलं: भोक नाही. नाकावरून तळहात फिरवला: म, हा, मा, या, चारही अक्षरं मोकळी. मग ते सरळ उभे राहिले आणि नऊ वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलले.

"जमलं बरं, जवाईबापू."

आणि खिशातून पिवळं फडकं काढून माझ्या हातात दिलं.

मी बेडकीला फडकं मारलं! डावा गाल, उजवा गाल, दोन्ही डोळे. खरं सांगतो, माझ्या लग्नात हार घालताना हात इतके हलके पडले नव्हते.

बॉनेट मात्र कुणी उघडून पाहिलं नाही. बंद बॉनेट कशाला उघडायचं?

रविवार.

पावणेनऊला निघालो. पुढं बेडकी: किसनराव पांढऱ्या सफारीत, शेजारी धम्मशीला पांढऱ्या साडीत. मागं कचरूचा टेम्पो: कपाट, पलंग, हंडे, पाण्याच्या दोन कॅन, संघमित्रा, मी आणि सासऱ्यांच्या मोठ्या बहीण बेबीआत्या. आत्या पलंगाच्या गादीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि सुपारी कातरत होत्या. कुट, कुट, कुट.

लग्न अकराला. अकराच का, तर भंतेजी. बारानंतर ते अन्नाला शिवत नाहीत. म्हणजे त्रिशरण, पंचशील, मंगल परिणय, सगळं उरकून बाराच्या आत त्यांच्या पात्रात भोजनदान पडलं पाहिजे. किसनरावांनी हे आठवडाभर सगळ्यांना बजावलं होतं. "माह्या पोरीच्या लग्नात भंतेजी उपाशी राह्यले तं मी तोंड दाखवनार नाई."

मोताळा, साडेनऊ. रस्त्यावरची माणसं थांबून बघताहेत. एकजण हात जोडतो, कुणाला ते कळत नाही. मी टेम्पोतून हात हलवतो.

राजूर घाटाचा पायथा, दहा वाजून दहा मिनिटं. किसनराव एक हात बाहेर काढून हवेत झटकतात. मी पुन्हा हात हलवतो.

"तो तुमाले टाटा नाई करून राह्यला, मास्तर," बेबीआत्या म्हणाल्या. "काई बिघडलं दिसते."

पहिलं वळण. बेडकीच्या गालांतून पांढरी वाफ.

"बेडकी बिडी पिऊन राह्यली काय?" कचरू.

दुसरं वळण. वाफ नाही, ढग.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडं, कठड्याला लागून, बेडकी थांबली. दहा वाजून बावीस. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये ऊन, आणि बुलढाणा वर आठ-दहा किलोमीटरवर.

आम्ही धावलो. किसनराव शांत होते. फिटर माणूस! "काई नाई. गरम झाली. बॉनेट उचलतो, पानी टाकतो, निंगू." त्यांनी फडकं हाताला गुंडाळलं, बॉनेटचा खटका काढला, दोन्ही हात बेडकीच्या गालांना लावले आणि वर ओढलं.

बॉनेट उघडलं नाही.

पुन्हा ओढलं. अख्खी बेडकी पुढच्या चाकांवर अर्धा इंच उचलली गेली. बॉनेट नाही.

ते वळले. माझ्याकडं पाहिलं.

मी प्लेटकडं पाहिलं.

"जवाईबापू. तुमची पट्टी वरून कायले अडकवली?"

"बॉनेटले."

"अन् खालून?"

"खालून... सांगाड्याले."

आतून फक्त स्स्स्स.

"म्हंजे बेडकीचे होटच शिवून टाकले मास्तरनं!" बेबीआत्या.

"तू वेल्डिंग करत होता ना बे!" मी कचरूवर घसरलो.

"मले वाटलं मास्तर हायेत, सगळं पाहूनच असतीन!"

"भांडू नका," किसनराव म्हणाले. "बोल्ट खोला."

"बोल्ट प्लेटच्या मांगं हायेत, मामा."

"मंग प्लेट काढा."

"प्लेटचे लॉक निंगत नाई."

"काऊन?"

"सरकारी हाये."

किसनराव कठड्यावर बसले. मी त्यांना बसलेलं पाहिलं आणि मला वाटलं आपणही बसावं, पण दरीच्या बाजूनं. पाणी टेम्पोत भरलेलं, इंजिन तापलेलं, आणि दोघांच्या मध्ये माझ्या हातची, न हलणारी, भोक न पाडलेली, संपूर्ण यशस्वी नंबर प्लेट!

दहा चौतीस.

"पोरी, तू टेम्पोत बस," बेबीआत्या म्हणाल्या. "तिकडं सगळे वाट पाहून राह्यले. गाडी येईन मांगून."

धम्मशीला बेडकीतून उतरली नाही. पदर नीट केला, समोर पाहत राहिली. "मी नाई बसत."

"अवं पन भंतेजी!"

"मायचं नाव पुढं राह्यन अन् मी मांगं बसीन, असं तिले म्हनलं होतं मी. दवाखान्यात. तुमी जा समदे."

संघमित्रानं तोंड फिरवलं. किसनरावांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

तेवढ्यात वरून मोटारसायकल आली. पांढरा कुर्ता, पांढरा पायजमा, घामानं पाठीला चिकटलेला. खुद्द नवरदेव!

"फोन लागून नाई राह्यला कोनाचाच! तिकडं भंतेजी येऊन बसले..." धम्मरत्न उतरला आणि त्याची नजर बेडकीच्या तोंडावर गेली. चेहरा उजळला. "वा, बाबा! बसवली तुमी! अन् काय पक्की बसवली!"

त्या घाटात त्या क्षणी माझं कौतुक करणारा तो एकटा माणूस होता. आणि मला त्यालाच सांगावं लागलं की ती तोडायची आहे.

तो गंभीर झाला. प्लेटजवळ वाकला. "लॉक तोडता येत नाई, दाजी. म्हंजे कोनालेच तोडता येत नाई. बिनाकामाचं लॉक तोडलं तं..." त्यानं मान वर केली. धम्मशीला त्याच्याकडं पाहत होती. वाक्य तिथंच राहिलं.

दहा छप्पन्न.

किसनराव उठले. कचरूच्या टेम्पोत एक जॅक, एक पाना आणि हॅक्सॉचं अर्धं पातं होतं. त्यांनी ते पातं उचललं, एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. पिवळं फडकं. कालचंच.

"वरचा होट कापा. जिथं आकडा अडकवला तिथं."

"मामा, बॉनेट कापू?"

"कापा."

"मामा, तिथूनच नाव सुरू होते. 'म'च्या खालीच. पातं घसरलं तं..."

"मले मालूम हाये कुठून सुरू होते," ते म्हणाले. "म्याच उभं राहून लिहून घेतलं. कापा, जवाईबापू. माह्याच्यानं नाई होत." आणि त्यांनी आमच्याकडं पाठ केली. दरीकडं तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात मागं बांधून. ते हात मला दिसत होते. एक हात दुसऱ्याला धरून होता.

अकरा वर्षं जोडलेली गाडी. एकही भोक नसलेली. मी पातं लाल ओठावर टेकवलं. कागदी कंदील कापताना पोरांना सांगतो, हात हलू द्यायचा नाही, श्वास रोखायचा. मी श्वास रोखला. लोखंडाची धग तोंडावर येत होती. पातं एकदा ओढलं. लाल रंगाचं एक बारीक कुसळ निघालं आणि माझ्या बोटावर येऊन बसलं.

"थांबा!"

बेबीआत्या! गादीवरून उतरून, गुडघे धरत, रस्त्यावर.

"सरका. सगळं ह्या दोन टिकल्याईवरच अडून हाये ना? ह्या दोन बोटभर टिकल्याईवर?"

"आत्या, ते हाय सिक्युरिटी..."

"असन." त्यांनी चंचीत हात घातला. अडकित्ता निघाला. पितळी मूठ उन्हात चमकली. "चाळीस वर्सं चिकनी सुपारी फोडून राह्यले मी. हे काय तिच्याहून चिवट हाये?"

अडकित्त्याचं नाक त्यांनी टिकलीच्या कडेखाली घुसवलं. दोन्ही हातांनी दाबलं. काही नाही. कचरूनं त्यांचे हात धरून दाबले. काही नाही. मी कचरूचे धरले. आता एका अडकित्त्यावर तीन माणसं, रस्त्यावर गुडघे टेकून! वरून येणाऱ्या एसटीतले लोक खिडकीतून बाहेर वाकले.

धम्मरत्न सरळ झाला. कुर्ता झटकला. किसनरावांच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्यानंही दरीकडं तोंड केलं.

"मी आज रजेवर हाये," तो मोठ्यानं म्हणाला. "लेखी!"

कुट्!

पहिली टिकली उडाली. ती कुठं गेली ते आजवर कळलं नाही.

दुसरीनं अडकित्त्याच्या धारेचा दात घेतला आणि मग जीव सोडला.

पुढचं पान्याचं काम. बोल्ट सुटले, आकडे सुटले, किसनराव धावत आले आणि बॉनेट वर गेलं. बेडकीनं एवढा मोठा आ वासला, एवढी वाफ सोडली, की समोरचा डोंगर नाहीसा झाला!

"आता टाकू पानी?" मी कॅन घेऊन.

"खबरदार!" किसनराव गरजले. "गरम झाकन खोललं तं तोंड भाजन. सात मिनटं."

सात मिनिटं! घाटात, उन्हात, अकरा वाजून सहा मिनिटांपासून. सगळे घड्याळाकडं बघत उभे. किसनराव ओलं पोतं टाकत होते, रेडिएटरला हात लावून बघत होते, जणू पोराचा ताप. अकरा तेरा. झाकण. पाणी. आणखी पाणी. बॉनेट खाली. खटका.

चावी फिरवली.

बेडकी खोकली. पुन्हा खोकली. मग सुरू झाली, आणि खरं सांगतो, आम्ही बाहेर उभे पाचही जण टाळ्या वाजवायला लागलो.

"प्लेट?" संघमित्रानं विचारलं. प्लेट माझ्या हातात होती. लावायला आता काहीच नव्हतं.

धम्मशीलानं हात पुढं केला. "द्या इकडं."

आणि ती निघाली तशी. पुढं नवरदेव मोटारसायकलवर, मागं बेडकी, बेडकीच्या नाकावर महामाया, आणि काचेच्या मागं पांढऱ्या साडीतली नवरी, दोन्ही हातांनी नंबर प्लेट छातीशी उभी धरून! शाळेच्या वर्गाच्या फोटोत पहिल्या रांगेतलं पोरगं इयत्तेची पाटी धरून बसतं, तशी.

बुलढाण्याच्या वेशीवर पोलीस होताच. हात आडवा केला.

"प्लेट पुढं लावाची असते, काका."

"पुढंच तं हाये!" नवरी म्हणाली.

त्यानं नवरीकडं पाहिलं. प्लेटकडं पाहिलं. नाकावरच्या नावाकडं पाहिलं. मागच्या टेम्पोतल्या पलंगावर मांडी घातलेल्या आणि मोडक्या अडकित्त्याला शिव्या घालणाऱ्या बेबीआत्यांकडं पाहिलं. मग हात खाली घेतला.

अकरा एकतीसला मांडव. लग्न लागलं. भंतेजींच्या पात्रात पहिला घास पडला तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत होतो. अकरा त्रेपन्न. किसनरावांनी तिथंच खुर्चीत डोळे मिटले.

नंतर ते माझ्याजवळ आले. मी पिवळं फडकं घडी करून हातात धरलं होतं. मनात म्हटलं, आता काय ते होऊन जाऊ दे.

"काम पक्कं केलं होतं तुमी," ते म्हणाले. "लय पक्कं." आणि माझ्या हातातलं फडकं अलगद काढून घेऊन आपल्या खिशात ठेवलं. "जेवून घ्या, पाव्हने."

पाव्हने!

सोमवारी मलकापूरला परतलो. धम्मरत्नचा फोन होता: लॉक मोडलं म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा प्लेट, आणि प्लेट लावायला पुढं काहीतरी हवंच. किसनराव बेडकीसमोर बसले होते. पेशंटच्या उशाशी. बॉनेटच्या ओठावर, 'म'च्या खाली, तांदळाएवढा ओरखडा होता. ते बोटानं त्यावरून जात होते, मग वर अक्षरावर, मग पुन्हा खाली.

"काई उपाय, जवाईबापू?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

माझ्या जिभेवर 'अर्धा तास' आलं होतं. संघमित्रानं पायावर पाय दिला. मी म्हणालो, "पानी पिऊन येतो."

टण्ण!

तिसरं टेंगूळ. पळी आणि चिमटा दोन्ही खाली. मी निमूट उचलले आणि पट्टीला पुन्हा अडकवले. वाकून.

किसनरावांनी बेडकी पोत्यांत भरून घरी आणली त्या दिवशी, १९९३ च्या मे महिन्यात, अंगणात सांडलेल्या सामानातून सासूबाईंनी पुढच्या नंबर प्लेटची मूळ पट्टी उचलली आणि उलथणं अडकवायला स्वयंपाकघराच्या दारालगत ठोकली.